'कास्ट' हा शब्द आला कुठून? एका इंग्रजी शब्दाचे मूळ, त्याचे अर्थ आणि आपल्या फॉर्मवरचा रकाना

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच चौकशी सुरू होते, "कास्ट सर्टिफिकेट काढलं का? व्हॅलिडिटी आली का?" मराठीत 'जात' हा शब्द असतानाही कागदपत्रांच्या बाबतीत आपण 'कास्ट' हाच शब्द सहज वापरतो. तो इतका अंगवळणी पडला आहे की तो मुळात भारतीय नाही, आणि खरे पाहता इंग्रजीही नाही, याचा आपल्याला विसर पडतो.

हा शब्द समजून घेण्याची गरज आज जास्त आहे. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार येणाऱ्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यात प्रत्येकाची जात नोंदवली जाणार आहे. १९३१ नंतर प्रथमच अशी सर्व जातींची गणना जनगणनेत होत आहे. मधल्या काळातील जनगणनांमध्ये अनुसूचित जाती आणि जमातींचीच नोंद होत असे. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिणाऱ्या माणसाने जातीच्या रकान्यात काय लिहावे, यावर आपल्याकडे घरोघरी वाद होणार आहेत. त्या वादाआधी हा शब्द काय आहे ते पाहू.

शब्दाचे मूळ

इंग्रजीतील 'कास्ट' हा शब्द पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांतील 'कास्टा' या शब्दावरून आला. 'कास्टा' म्हणजे वंश, कूळ, वाण, पैदास. बहुतेक कोशांच्या मते त्याच्या मागे लॅटिनमधील 'कास्टुस' हा शब्द आहे. त्याचा अर्थ शुद्ध, निर्भेळ, ज्यात भेसळ नाही असे. याच 'कास्टुस'पासून इंग्रजीत 'चेस्ट' म्हणजे शीलवान, ब्रह्मचारी हा शब्द आला. झोडपून सुधारणे या अर्थाचे 'कॅस्टिगेट' हे क्रियापदही त्याचेच भावंड. शुद्ध करणे आणि शिक्षा करणे या दोन कल्पना त्यात एकत्र आल्या आहेत.

आणखी मागे गेले तर काही भाषाशास्त्रज्ञ 'कास्टुस'चा संबंध 'कापणे' या अर्थाच्या प्राचीन धातूशी जोडतात. संस्कृतमधील 'शस्त्र' हा शब्दही त्याच धातूचा मानला जातो. कापून वेगळे केलेले म्हणून शुद्ध, असा तो प्रवास.

याला दुसरे मतही आहे. स्पॅनिश भाषेचे व्युत्पत्तिकार खुआन कोरोमिनास यांना लॅटिन मूळ पटत नव्हते. त्यांनी 'कास्टा'चा संबंध गॉथिक भाषेतील, जनावरांची पिल्ले किंवा कळप अशा अर्थाच्या शब्दाशी जोडला. कोणतेही मत धरले तरी एक गोष्ट कायम राहते. हा शब्द माणसांना लागण्याआधी, किंवा माणसांबरोबरच, घोडे, कुत्री, गुरे आणि पिके यांनाही लागत होता. आजही पोर्तुगालमध्ये वाइनच्या बाटलीवर 'कास्टा' असे छापलेले असते आणि त्याचा अर्थ असतो द्राक्षाचा वाण. आपला नाशिकचा बागाईतदार "ही थॉमसन जातीची द्राक्षं" म्हणतो, तेव्हा तो नकळत तोच प्रयोग करत असतो.

शब्द भारतात कसा आला

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला आणि १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला. पुढे वसई, चौल-रेवदंडा, आपल्या शेजारच्या उरणचे करंजा बेट असा कोकणचा किनारा त्यांच्या ताब्यात गेला. या सहवासातून मराठीला पाव, बटाटा, चावी, पगार, लिलाव, तुरुंग असे कितीतरी शब्द मिळाले. 'कास्टा' मात्र मराठीत थेट रुळला नाही. इथल्या समाजाचे वर्णन करताना पोर्तुगिजांनी तो आपल्या कागदांत वापरला आणि तिथून तो इंग्रजांनी उचलला.

गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. इथले लोक बापाचा धंदा सोडत नाहीत आणि चांभारांची 'कास्टा' सारी एकच असते, अशी नोंद त्यात आहे. चारच वर्षांनी, १५६७ मध्ये, गोव्यात भरलेल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेच्या ठरावात हा शब्द पुन्हा येतो. इथले लोक कमी-अधिक प्रतिष्ठेच्या 'कास्टां'मध्ये विभागले आहेत, ते ख्रिस्ती लोकांना खालचे मानतात आणि वरच्या कास्टाचा माणूस खालच्याबरोबर खात-पीत नाही, अशी तक्रार त्यात केली आहे. पुढे गोव्यातील ख्रिस्ती समाजातही बामण, चाड्डो, सुदिर असे भेद राहिलेच. धर्म बदलला तरी जात पाठ सोडत नाही, याचे हे आपल्या शेजारचेच उदाहरण.

पोर्तुगिजांच्या घरातील 'शुद्ध रक्त'

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. भारतात आले तेव्हा पोर्तुगीज या शब्दाचा अर्थ कोऱ्या मनाने लावत नव्हते. त्यांच्या स्वतःच्या देशात त्या काळी 'रक्ताच्या शुद्धते'चे राजकारण जोरात होते. शेजारच्या स्पेनमधील टोलेडो शहरात १४४९ मध्येच, ज्यू पूर्वज असलेल्या ख्रिस्ती लोकांना अधिकारपदांपासून दूर ठेवणारा नियम झाला होता. पोर्तुगालमध्ये १४९७ मध्ये ज्यूंचे सक्तीने धर्मांतर करण्यात आले. पण बाप्तिस्मा झाला तरी त्यांना 'ख्रिस्ती' म्हटले गेले नाही. त्यांना म्हटले गेले 'नवे ख्रिस्ती'. मूळचे ते 'जुने ख्रिस्ती'. पुढच्या पिढ्या ख्रिस्ती घरात जन्मल्या, तरी 'नवे' हे विशेषण त्यांच्या मानगुटीवरून उतरले नाही. कायद्याने हा भेद मिटायला १७७३ साल उजाडावे लागले.

आता हे आपल्याकडे लावून पाहा. १९५६ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली. त्या वेळी दीक्षा घेतलेल्यांची नातवंडे-पतवंडे आज शाळेत आहेत. ती जन्माने बौद्ध आहेत. तरी सरकारी योजनांच्या कागदांवर 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असेच छापलेले असते. रमाई आवास योजना घ्या किंवा विद्यार्थ्यांची स्वाधार योजना घ्या, शब्द तोच. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर धर्मांतरितांच्या सवलती चालू राहाव्यात म्हणून हा शब्दप्रयोग उपयोगी पडला, हे खरे आहे आणि ते विसरू नये. पण 'नव' हे विशेषण किती पिढ्या टिकते आणि ते नेमके कशाची आठवण करून देते, हे पोर्तुगालच्या इतिहासाने आधीच दाखवून दिले आहे.

इंग्रजीत झालेले बदल

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या मध्यापासून वंश, बीज या अर्थाने दिसतो. भारतातील समाजासाठी तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्रवासवर्णनांत येतो. तेव्हा त्याच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'ई' नव्हता. फ्रेंच वळणाचे आजचे स्पेलिंग १८०० च्या सुमारास रूढ झाले.

या जुन्या स्पेलिंगमुळे एक मोठा गोंधळ झाला. इंग्रजीत 'कास्ट' असाच उच्चार असलेला दुसरा शब्द आधीपासून आहे. त्याचा अर्थ फेकणे, टाकणे, आणि तो उत्तर युरोपातील नॉर्स भाषेतून आला. मत टाकणे, साच्यात धातू ओतणे, सिनेमातील कलाकारांची निवड हे सगळे त्या दुसऱ्या 'कास्ट'चे अर्थ. बाहेर टाकलेला या अर्थाचा 'आउटकास्ट' हा शब्दही त्याचाच आणि तो भारताशी संबंध येण्याच्या कितीतरी आधीचा. पुढे भारतातील इंग्रजांनी त्याला 'ई' जोडून 'जातीबाहेरचा' या अर्थाचा नवा शब्द केला. दोन वेगळी मुळे एकमेकांत मिसळली.

आपल्याकडे याला समांतर शब्द आहे 'बहिष्कृत'. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये स्थापन केलेली बहिष्कृत हितकारिणी सभा आणि १९२७ मध्ये सुरू केलेले 'बहिष्कृत भारत' पत्र यांच्या नावात तोच आहे. या शब्दाचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. बहिष्कृत म्हणजे ज्याला कोणीतरी बाहेर काढले आहे तो. त्यात माणसाच्या रक्ताविषयी काही सांगितलेले नाही. त्याच्यावर काय केले गेले, एवढेच सांगितले आहे.

'जात', 'वर्ण' आणि 'कास्ट' एकच का?

नाहीत. 'जाति' हा शब्द 'जन्' या धातूपासून, म्हणजे जन्मणे यापासून आला. मराठीत त्याचे अर्थ पुष्कळ पसरले आहेत. आंब्याची जात असते, कवितेत वृत्ताबरोबर जाती असते, संगीतात तालाची जाती असते. 'जातिवंत घोडा' किंवा 'जातिवंत कलावंत' म्हणताना आपण तो शब्द कौतुकाने वापरतो आणि त्यात तीच शुद्ध बीजाची कल्पना दडलेली असते. 'वर्ण' म्हणजे रंग, आणि ग्रंथांनी सांगितलेले चार वर्ग. वर्ण चार, जाती हजारो. इंग्रजीने या दोन्हींसाठी एकच शब्द वापरला आणि त्यामुळे ग्रंथातील चौकट आणि गावातील व्यवहार एकच आहेत असा समज पसरला.

राज्यकारभाराने हा समज पक्का केला. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर दख्खनचा कारभार चालवण्यासाठी इंग्रजांना इथले कायदे हवे होते. आर्थर स्टील यांनी शास्त्री आणि जातींचे लोक यांच्याकडे चौकशी करून दख्खनमधील हिंदू 'कास्टां'चे कायदे आणि रूढी यांचा संग्रह केला. तो १८२७ मध्ये छापला गेला. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. १८७१-७२ पासून शिरगणती सुरू झाली. १९०१ च्या शिरगणतीत रिझ्ले यांनी जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार उतरंड लावण्याचा घाट घातला, तेव्हा वरची पायरी मिळावी म्हणून देशभर जातिसभांचे अर्ज सुरू झाले.

इंग्रजांनी जात निर्माण केली असे काही जण यावरून म्हणतात. ते पटण्यासारखे नाही. पाणवठा, मंदिर, गावकुसाबाहेरची वस्ती यांना इंग्रजी शब्दाची गरज कधीच लागली नव्हती. इंग्रजांनी तिला रकाना दिला, क्रमांक दिला.

'अनुसूचित' म्हणजे काय?

'शेड्यूल्ड कास्ट' मधील 'शेड्यूल' या शब्दामागे लॅटिनमधील कागदाची छोटी चिठ्ठी या अर्थाचा शब्द आहे. अनुसूचित म्हणजे यादीत असलेली, बस्स. हा शब्द १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून आला. त्याआधी सरकारी भाषेत 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणत. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने स्वतंत्र भारताची यादी ठरली. तिच्यात सुरुवातीला मुख्यतः हिंदूच होते. शिखांसाठी ती १९५६ मध्ये आणि बौद्धांसाठी १९९० मध्ये खुली झाली. म्हणजे धम्मदीक्षेनंतर केंद्राची दारे उघडायला चौतीस वर्षे गेली.

बाबासाहेबांनी या शब्दाचे काय केले

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. सेनार, नेसफिल्ड, रिझ्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या त्यांनी समोर ठेवल्या आणि तपासल्या. त्यांचे म्हणणे असे की जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे. जात म्हणजे दारे बंद करून घेतलेला वर्ग. आणि एकटी जात अशी काही चीज नसते, असतात त्या अनेक जाती, कारण एकाने दार लावले की बाहेर राहिलेला आपोआप वेगळा पडतो.

शब्दाच्या इतिहासाकडे पाहिले की या मांडणीचे मोल कळते. 'कास्टा' हा शब्द रक्त आणि पैदास यांविषयी बोलत होता. बाबासाहेबांनी त्याचा रोख बदलला. प्रश्न माणसाच्या रक्तात काय आहे हा राहिला नाही. दार कोणी लावले आणि ते कसे टिकवले, हा झाला. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात ते पुढे गेले आणि जात ही विटांची भिंत नसून मनाची धारणा आहे, म्हणून ती पाडायची तर धारणा बदलावी लागेल, असे त्यांनी सांगितले.

बुद्धवचनातील 'जाति'

पालीतही 'जाति' म्हणजे जन्म. प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्यांमधील अकरावी कडी 'जाति' आहे आणि तिच्यानंतर येते जरामरण. तिथे तिचा सामाजिक उतरंडीशी संबंध नाही. जो जन्मला त्या प्रत्येकाला ती लागू आहे.

सामाजिक अर्थाची चर्चा सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात येते. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद होतो की माणूस जन्माने ब्राह्मण ठरतो की कर्माने. ते भगवान बुद्धांकडे जातात. बुद्ध गवत आणि झाडांपासून सुरुवात करतात. मग किडे, मुंग्या, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी. यांच्यात जातीजातींची वेगळी चिन्हे शरीरावरच दिसतात, असे ते दाखवतात. नंतर माणसाच्या शरीराचा एकेक अवयव घेतात आणि सांगतात की माणसांत अशी चिन्हे नाहीत, माणसामाणसांतला भेद केवळ नावाने चालत आलेला आहे.

पोर्तुगिजांनी घोड्याचा आणि द्राक्षाचा शब्द माणसाला लावला. आपल्या भाषेनेही तेच केले. हा शब्द पिकांना आणि जनावरांना ठीक आहे, माणसाला लागू नाही, हे त्यांच्या दोन हजार वर्षे आधी स्पष्ट सांगून झाले होते.

शब्द आता कुठे पोहोचला

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या गोऱ्या-काळ्यांच्या संबंधांना १९३० च्या दशकापासून 'कास्ट' म्हणायला सुरुवात केली. त्याच्या कितीतरी आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते. आता उलटा प्रवास सुरू आहे. आपले लोक परदेशात गेले आणि जातही बरोबर गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल हे जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारे अमेरिकेतील पहिले शहर ठरले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असेच विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी ते नाकारले.

इकडे आपल्या राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांना असलेली जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्या बदलणे चांगलेच. पण करंजाडे, पनवेलसारख्या नव्या वसाहतींत जुनी पाटी नसतेच, तरी जात विचारली जाते. भाड्याने घर पाहताना "आडनाव काय? गाव कुठलं? नॉनव्हेज खाता का?" हे तीन प्रश्न झाले की चौथा विचारावा लागत नाही. 'कास्ट' हा शब्द तोंडातून न काढताही काम होते.

मग रकान्यात काय लिहायचे?

माझ्या कामात अर्ज भरताना हा प्रश्न नेहमी येतो. घरातील ज्येष्ठ म्हणतात, "आम्ही जात सोडली, आता बौद्ध एवढंच लिहा." कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, "मग माझं प्रमाणपत्र?" दोघांचेही बरोबर आहे, कारण दोन रकाने दोन वेगळे प्रश्न विचारतात.

धर्माचा रकाना तुमची श्रद्धा आणि ओळख विचारतो. तिथे 'बौद्ध' लिहावे. 'हिंदू' नको आणि 'नवबौद्ध'ही नको, कारण नवबौद्ध नावाचा धर्म नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात नोंदले गेले. हा आकडा या एका शब्दावर उभा आहे.

जातीचा रकाना मात्र यादीतील नोंद विचारतो. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत 'महार, मेहरा, तराळ, धेगू मेगू' अशी ३७ व्या क्रमांकाची नोंद आहे. मातंग, चांभार आणि इतर समाजांच्या नोंदी वेगळ्या आहेत. 'बौद्ध' हे त्या यादीत जातीचे नाव म्हणून नाही. १९९० च्या दुरुस्तीने मिळालेला हक्क 'यादीतील जात आणि धर्म बौद्ध' अशा दोन्ही गोष्टींवर उभा आहे. पडताळणीतही १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो आणि आजोबा-पणजोबांच्या त्या कागदांवर जातीचेच नाव असते. म्हणून प्रमाणपत्रावर जे नाव आहे ते जातीच्या रकान्यात लिहावे, असे मी सर्वांना सांगते.

यात कमीपणा आहे का? 'कास्टा' या शब्दाचा मूळ अर्थ धरला तर आहे, कारण मग आपण आपले बीज सांगत आहोत. बाबासाहेबांचा अर्थ धरला तर नाही. मग त्या रकान्यात लिहिलेले नाव म्हणजे आपल्या पूर्वजांना कोणत्या दाराबाहेर ठेवले गेले याची नोंद आहे, आणि त्या नोंदीवर भरपाईचा हक्क आहे. एखाद्या खटल्यात जखमेची नोंद लागते. ती नोंद केली म्हणून जखम ही माणसाची ओळख होत नाही.

मुलांना प्रमाणपत्र हातात देताना एवढे जरूर सांगावे की धर्माच्या रकान्यात आपण कोण आहोत ते लिहिले आहे आणि जातीच्या रकान्यात आपल्यावर काय लादले गेले ते लिहिले आहे. पहिले जपायचे आहे. दुसरे, त्याची गरज संपेल त्या दिवसापर्यंत, फक्त नोंदवायचे आहे.